आधी कान, मग खडू

आपल्या मंडळातले बरेच जण पुढे बी.एड.ला जातात. काही जण तर आत्ताच संध्याकाळी लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या मुलांचे वर्ग घेतात. त्यांच्यासाठी मुख्यतः हा लेख आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण विषय शेवटी ऐकण्याचा आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला कान लागतोच.

"मी गाणं लावते. तुम्ही ऐका आणि मनात येईल ते काढा." शाळांमधून सर्रास घेतला जाणारा हा उपक्रम. हेतू चांगला, मुलंही खूश. पण तास संपल्यावर जमा झालेली चित्रं एकदा नीट बघा. बासरी लावली असेल तर वीस कागदांवर मोरपीस. पावसाचं गाणं असेल तर छत्री, ढग आणि तिरक्या रेघा. देशभक्तीचं असेल तर झेंडा. हळू, उदास चाल असेल तर खिडकीशी बसलेली मुलगी. चित्रं वाईट नसतात, पण ती ऐकून काढलेली नसतात. मुलांनी गाण्याचे शब्द किंवा गाण्यावरचं लेबल ऐकलं आणि त्या लेबलचं चित्र काढलं. बासरीच्या जागी सनई वाजली असती, तरी "कृष्णाचं गाणं आहे" एवढं सांगितल्यावर मोरपीसच आलं असतं.

मग संगीत खरोखर हातात कसं उतरतं? आपल्याकडे याची तीन-चार वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि त्यातलं एक आपल्या अगदी दाराशी घडलेलं आहे.

हरिपुऱ्याचा ढाकी

सुरतहून बारडोली, तिथून कडोदकडे गेलं की तापीच्या काठावर हरिपुरा लागतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. इतिहासाच्या पुस्तकात एवढं असतं. चित्रकलेच्या पुस्तकात मात्र हरिपुरा वेगळ्याच कारणासाठी येतं.

त्याआधी डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला अधिवेशन झालं होतं. फैजपूर जळगाव जिल्ह्यात, म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या आजोळाकडचं गाव! खेडेगावात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि अट घातली की सामान तिथलंच वापरायचं. हरिपुऱ्यालाही तेच काम नंदलालबाबूंकडे आलं. त्यांनी हाताने बनवलेल्या कागदावर, साध्या मातकट रंगांत, जाड कुंचल्याने गावातल्या माणसांची चित्रं काढली: शिंपी, सुतार, दळण दळणारी बाई, बैल, मल्ल आणि वाजवणारे. ऐंशीहून जास्त मूळ चित्रं त्यांची, आणि शिष्यांनी केलेल्या प्रती धरून सगळी मिळून चारशेच्या आसपास. ती अधिवेशनाच्या नगरात मोकळ्यावर लावली होती, येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्याला चालता चालता दिसावीत म्हणून. 'हरिपुरा पोस्टर्स' या नावाने ती ओळखली जातात, आणि त्यांतली बरीचशी आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

त्यांतलं 'ढाकी' हे चित्र मोबाइलवर शोधा आणि वर्गात दाखवा. ढाक म्हणजे खांद्याला अडकवून काड्यांनी वाजवायचा बंगाली ढोल, आणि तो वाजवणारा तो ढाकी. चित्रात आवाज नाही, हे सांगायला नको. तरी ते चित्र गप्प नाही. कारण रेषा सगळीकडे सारखी नाही. कुठे ती दाबून ओढली आहे, कुठे उचलली आहे. अंगाला बाक आहे, आणि त्या बाकाने नजर ढोलाकडे जाते. रंग सपाट आहेत, बारीक कलाकुसर नाही, म्हणून आपलं लक्ष हालचालीवरच राहतं. मुलांना विचारायचं तर एवढंच विचारा: "हा माणूस हळू वाजवतोय की जोरात? कशावरून?" 'कशावरून' हा प्रश्न महत्त्वाचा. "जोरात" म्हणायला काही लागत नाही. "इथली रेघ जाड आहे म्हणून" असं म्हणायला डोळे आणि कान दोन्ही लागतात.

नंदलाल बोसांना हे सुचणं आश्चर्याचं नव्हतं. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झालं, तेव्हा चित्र आणि संगीत एकाच संस्थेत शिकवलं जायचं. संगीत भवन वेगळं झालं ते १९३३ मध्ये. तिथे शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्यांत भीमराव शास्त्री हे आपले मराठी गृहस्थ होते. शेजारच्या खोलीत कुणीतरी रियाज करतंय आणि इकडे मुलगा कागदावर वाकलाय, हे तिथलं रोजचं दृश्य असणार. आपल्याकडे ड्रॉइंगचा तास सोमवारी आणि संगीताचा तास (असलाच तर) शुक्रवारी. मधल्या तीन दिवसांत कान आणि हात एकमेकांना विसरतात.

रागमालेची गोष्ट आणि तिच्यातला धोका

'संगीतावरून चित्र' म्हटलं की कुणीतरी लगेच रागमालेचं नाव घेतं. घ्यायलाच हवं. आपल्या गुजरातेत पंधराव्या शतकातल्या जैन कल्पसूत्राच्या पोथीत समासाच्या जागेत रागरागिण्यांच्या आकृत्या सापडतात. मेवाडच्या चावंडला १६०५ साली रंगवलेली रागमाला प्रसिद्ध आहे. आणि उत्तर दख्खनमधली सोळाव्या शतकाच्या अखेरची हिंदोल रागाची चित्रं तर आपल्या महाराष्ट्राच्या अंगणातलीच. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं. हिंदोल म्हणजे झोका. आसावरी म्हणजे सापांशी खेळणारी रानातली बाई. मेघ म्हणजे काळे ढग. एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. रागमाला रंगवणारे चित्रकार बहुतेक वेळा राग ऐकून चित्र काढत नव्हते. रागाचं 'ध्यान' सांगणारे श्लोक होते, त्यात रागाला देव, नायक, नायिका असं रूप दिलेलं होतं, आणि चित्रकार त्या शब्दांवरून रंगवत होता. पुष्कळ चित्रांच्या वरच्या पट्टीत तो मजकूर लिहिलेलाही असतो. म्हणजे संगीत, मग कविता, मग चित्र. मधला दुवा शब्दांचा. शिवाय त्या काळच्या तोडीचे सूर आणि आज आपण ऐकतो त्या तोडीचे सूर एकच आहेत, असंही धरता येत नाही. म्हणून आजची तोडी लावून "बघा, यात हरणं दिसतायत ना?" असं विचारण्यात अर्थ नाही. दिसणार नाहीत, आणि बिचारी मुलं "हो बाई" म्हणतील.

आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, त्यामुळे रागमाला आपल्याला फार जवळची वाटते, आणि वाटावी. शब्द, सूर आणि रंग यांची इतकी पक्की मैत्री दुसरीकडे क्वचितच दिसते. एखाद्या रागाचं आपलं स्वतःचं ध्यान मराठीत लिहायला लावणं हा अकरावी-बारावीच्या वर्गासाठी सुंदर स्वाध्याय होईल. फक्त त्याला चित्रकलेचा नव्हे, लेखनाचा स्वाध्याय म्हणा. लहान मुलांच्या वर्गात मात्र रागमाला आधी दाखवू नका. दाखवली की झोके आणि हरणं सुरू होतात, म्हणजे आपण फिरून मोरपिसावर.

वारली चौक: गाणं आणि चित्र एकाच वेळी

तिसरं उत्तर डहाणू-तलासरीकडचं, आणि सीमेच्या अलीकडे उंबरगाव, धरमपूर, दादरा-नगर हवेलीतलंही. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. हो, वारली लोक चित्र 'लिहितात' म्हणतात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली काडी. चौकात पालघट देवी असते. लिहितात सुवासिनी, आणि लग्नविधी चालवणारी धवलेरी त्या वेळी गाणी म्हणते. त्या गाण्यांतूनच देवांना बोलावणं जातं. गाणं हे तिथे 'बॅकग्राउंड म्युझिक' नाही. गाण्याशिवाय चौक पुरा होत नाही आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही.

इथे क्रमच वेगळा आहे, बघा. आधी ऐकलं, मग आठवून काढलं, असं नाही. गळा आणि हात एकाच वेळात चालतात, एकाच खोलीत. त्रिकोण-त्रिकोण जोडून माणूस, मग दुसरा, मग तिसरा. पुन्हा पुन्हा येणारी तीच आकृती आणि पुन्हा पुन्हा येणारं तेच ध्रुपद. तारपा नाचाचं चित्र तर सगळ्यांनी पाहिलंय. मधे तारपावाला आणि त्याच्याभोवती हात गुंफून गोल फिरणारी माणसांची साखळी. नाचणारे तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत, सुराबरोबर वळतात. चित्रातला तो वळसा हा सुराचा वळसा आहे. जिव्या सोमा मशे यांनी (२०११ साली पद्मश्री, २०१८ मध्ये निधन) ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. पण त्यांच्याही चित्रांत ती हालचाल शाबूत राहिली.

आपल्या शहरातल्या कापड बाजारात साडीच्या काठावर छापलेली वारली माणसं रोज दिसतात. छान दिसतात. पण छापताना रिपीट बसवायचा म्हणून वळसा कापून सरळ पट्टी केलेली असते. एका ओळीत उभी, हात वर केलेली माणसं. तारपावाला कुठे गेला कोण जाणे. वर्गात 'वारली पेंटिंग' शिकवताना आपणही नेमकं हेच करतो. त्रिकोण शिकवतो, सूर गाळतो. निदान एकदा तारप्याचं ध्वनिमुद्रण लावून, मुलांना हात धरून गोल फिरवून, मग लगेच कागद द्या. फरक मला शब्दांत सांगता येणार नाही, चित्रांत दिसेल.

पाश्चात्त्यांकडेही हा शोध झाला, तो थोडक्यात सांगतो. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला कँडिन्स्कीने शोनबर्गची मैफल ऐकली आणि लगोलग चित्र केलं. त्यात पियानोच्या झाकणाचा मोठा काळा आकार आहे आणि बाकी कॅनव्हासभर पिवळा रंग ओसंडतोय. गोष्ट नाही, प्रसंग जेमतेम. पॉल क्ले स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवायचा. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत १९२१ पासून दहा वर्षं शिकवताना तो रेषेकडे चालणाऱ्या, थांबणाऱ्या, वळणाऱ्या गोष्टीसारखं पाहायला लावायचा. या दोघांची चित्रं डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला प्रदर्शनात लागली होती, म्हणजे हे सगळं आपल्यापासून वाटतं तितकं लांब नव्हतं.

ताल आधी, सूर नंतर

आता प्रत्यक्ष तासाकडे येऊ. चाळीस मिनिटं आहेत, साठ मुलं आहेत, एका बेंचवर तिघं. ड्रॉइंग शीट सगळ्यांकडे नसते. चालेल. जुन्या परीक्षेच्या कोऱ्या पाठी, वर्तमानपत्रं, मेणखडू, नाहीतर फळ्याचा खडू आणि फरशी. जलरंग पहिल्या दिवशी नकोत. पाणी सांडतं आणि अर्धा तास ते पुसण्यात जातो.

माझं मत असं की सुरुवात सुरापासून नव्हे, तालापासून करावी. सुराला मुलं चटकन भावना चिकटवतात, आणि भावनेला चटकन चिन्ह: हसरा चेहरा, रडका चेहरा, हार्ट. तालाला असं चिन्ह नाही. ताल मोजता येतो, हाताने वाजवता येतो, आणि सुरतच्या मुलांना तो उपजत ठाऊक असतो. ज्या मुलाचं घर लूमच्या खात्याला लागून आहे, त्याला रात्रभर खटक-खटक ऐकू येते. मशीन बिघडलं तर ते त्याला झोपेतही कळतं. एंब्रॉयडरीच्या मशीनचा आवाज वेगळा, लूमचा वेगळा, हे तो न चुकता सांगेल. या मुलाला 'लय' म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. त्याच्याकडे जे आहे त्याला नाव द्यायचं, एवढंच. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात. जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे नाही. मात्रा आणि विश्रांती याहून सोप्या रीतीने कशी समजावणार?

पहिल्यांदा ऐकताना हातात काहीच नको. डोळे मिटायचा आग्रहही धरू नका, साठातली दहा मुलं शेजाऱ्याला चिमटा काढतात. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त हवेत बोट. सम आली की बोट खाली. तिसऱ्यांदा खडू कागदावर. आणि एकच नियम: वस्तू काढायची नाही. घर नाही, फूल नाही, बासरी नाही. फक्त रेघ, ठिपका, डाग. "बाई, पण काय काढू?" हा प्रश्न येणारच. उत्तर द्या: "जिथे थाप पडते तिथे काहीतरी कर. जिथे थाप पडत नाही तिथे दुसरं काहीतरी कर." एवढं पुरतं.

केरव्यापासून सुरुवात करा. आठ मात्रा, भजनात आणि वरातीत सगळीकडे तोच असतो. मग रूपक घ्या. रूपकच्या सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा, आणि गंमत म्हणजे त्याची समच खाली. म्हणजे जिथे जोर यावा असं वाटतं, तिथेच हात उघडा राहतो. केरव्याचा कागद आणि रूपकचा कागद शेजारी ठेवले की मुलांना स्वतःलाच दिसतं, एक पट्टी चौकोनी बसते आणि दुसरी लंगडत चालते. 'संकल्पचित्रा'त जे पुनरावृत्ती, समतोल, मोकळी जागा असे शब्द आपण फळ्यावर लिहून पाठ करून घेतो, ते इथे न सांगता येतात. मोकळी जागा म्हणजे खाली. हे ज्याच्या हाताला कळलं, तो पुढे बॉर्डर काढताना सगळी जागा बुट्ट्यांनी भरून टाकणार नाही.

मग सूर. इथे शब्द नसलेलं वाद्य घ्या, सरोद, सनई, व्हायोलिन, काहीही. आणि एकच राग दोन गतींत ऐकवा: आधी आलाप, नंतर तोच राग द्रुत लयीत. रागाचं नाव सांगू नका. 'सकाळचा', 'पावसाळी' असंही सांगू नका. नाव शेवटी, चित्रं झाल्यावर. मुलं मग विचारतात, "हा कसला राग होता?" तेव्हा सांगा, तेव्हा रागमालेचं चित्रही दाखवा. आता ते बघायला त्यांच्याकडे स्वतःचं काही असतं. "त्यांनी झोका काढला, मी तर असं वर-खाली काढलं" असं एखादा म्हणाला तर त्याचं हिंदोलशी थेट बोलणं सुरू झालं समजा.

'सगळी मुलं वेगवेगळं काढतील, मग त्यात शिकण्यासारखं काय?' अशी शंका काही शिक्षक घेतात. पूर्णपणे वेगवेगळं काढत नाहीत. मानसशास्त्रज्ञ कोलर याने १९२९ मध्ये लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक टोकदार आणि एक गोलसर, आणि दोन निरर्थक शब्द दिले. 'टाकेटे' हा शब्द बहुतेकांनी टोकदार आकृतीला दिला. पुढे २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द घेऊन तेच दाखवलं. आवाज आणि आकार यांचं काही एक नातं आपल्यात आधीच असतं. हलगीला टोक येतं, टाळांना ठिपके येतात, सनईला लांब वळणदार रेघ येते, आणि तरी दोन मुलांच्या रेघा सारख्या नसतात. जे समान आहे त्यावर वर्गात चर्चा होते, जे वेगळं आहे ते मुलाचं स्वतःचं.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. मुलं चित्र काढत असताना मागे शांत संगीत लावून ठेवलं की बुद्धी वाढते, असं मोबाइलवर फिरत असतं. त्याचं मूळ १९९३ च्या एका प्रयोगात आहे: कॉलेजातले ३६ विद्यार्थी, मोझार्टची दहा मिनिटं, आणि त्यानंतर थोडा वेळ एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यात जरा बरे गुण. बस. लहान मुलं नाहीत, चित्रकला नाही, कायमचा फायदा नाही. मागे गाणं लावायचं असेल तर खुशाल लावा, वर्ग जरा शांत राहतो. पण तो हा उपक्रम नव्हे. न ऐकलेल्या गाण्याचं चित्र होत नाही.

वर्गात एखादं मूल ऐकू कमी येणारं असेल, तर त्याला बाजूला बसवून 'तू तुझं काढ' म्हणू नका. ढोलकीच्या लाकडावर, नाहीतर स्पीकर ठेवलेल्या बाकावर त्याचा तळहात ठेवा. थाप हाताला कळते. अशा मुलाच्या कागदावरचा ताल कधीकधी सगळ्यांत स्पष्ट असतो, कारण त्याचं लक्ष इकडेतिकडे जात नाही.

आजीचं गाणं

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि अवघडही.

आपल्या शहरात महापालिकेच्या मराठी शाळांत येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी मराठी नव्हे, अहिराणी बोलतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आईबाप किंवा आजीआजोबा इकडे आले. मूल घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती-हिंदी बोलतं. चार भाषा येणाऱ्या या मुलाला शाळेत मात्र 'भाषा कच्ची' असा शेरा मिळतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी याच मुलांच्या घरी कानबाई बसते. रोट होतात, रात्रभर बाया गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. उधना-डिंडोलीकडे त्या दिवशी रस्ते भरलेले असतात. म्हणजे या मुलांच्या कानात गाणं भरपूर आहे.

आणि तरीही, "घरी कुणी गातं का?" असं वर्गात विचारलं तर हात वर येत नाहीत. जरा खोदून विचारलं की उत्तर येतं: "गात नाही बाई. आजी अशीच म्हणते." या 'अशीच'मध्ये फार मोठी गोष्ट अडकली आहे. मुलाच्या हिशेबात गाणं म्हणजे मोबाइलवरचं, टीव्हीवरचं. आजीच्या तोंडचं ते गाणं नव्हे. हा हिशेब त्याला कुणी मुद्दाम शिकवला नाही, पण शाळेत ते गाणं कधी ऐकूच आलं नाही म्हणून तो तसा बसला. दोन-चार वर्षांनी आजीचं बोलणंही 'गावठी' वाटू लागतं, आणि मग आजीही शाळेच्या लोकांसमोर गप्प बसते.

म्हणून ताल आणि सूर यांचे तास झाल्यावर तिसरा तास घरच्या गाण्याचा ठेवा. मुलांना सांगा, आजी, आई, शेजारची काकू, जी कुणी काम करताना किंवा सणाला म्हणते, तिला विचारून मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणा. 'विचारून' हा शब्द दोनदा सांगा. काही गाणी विधीची असतात, ती कुठेही वाजवलेली चालत नाहीत, आणि 'नको' म्हणण्याचा हक्क आजीला आहे. ज्यांच्या घरी कुणी गात नाही, त्यांनी शिलाई मशीनचा, लूमचा, भाकरी थापण्याचा आवाज आणावा. तोही तालच.

हे रेकॉर्डिंग सरोदच्या वेळी वापरलं त्याच स्पीकरवर, तेवढ्याच आवाजात लावा. शिस्त तीच: आधी नुसतं ऐकणं, मग हवेत बोट, मग कागद. शब्द असल्यामुळे इथे वस्तू येण्याचा मोह जास्त असेल, म्हणून पहिला कागद रेघांचाच, आणि दुसऱ्या कागदावर हवं ते काढायची मोकळीक. पहिल्या कागदामुळे दुसरा बदलतो. कानबाईचं चित्र काढताना मग फक्त नारळ आणि नथ येत नाही. बायांची ओळ येते, कुणी सुरुवात करतंय आणि बाकीच्या मागून उचलतायत हे ओळीच्या जाडीत दिसतं. जात्यावरच्या ओवीतही असंच असतं, जात्याच्या फेऱ्याबरोबर ओळ वळते. बहिणाबाई चौधरी याच खान्देशच्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांची गाणी कामाच्या लयीतून आली हे आपण साहित्याच्या तासाला लिहितो. तीच लय वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी अजून चालू असू शकते.

चित्र झालं की चार ओळी लिहायला सांगा. 'माझ्या चित्राविषयी' असा निबंध नको. एकच प्रश्न: "तुझ्या कागदावर आवाज सर्वांत मोठा कुठे आहे आणि गप्प कुठे आहे?" अहिराणीत लिहिलं तर तसंच ठेवा, लाल पेन लावू नका. आपल्या मंडळाच्या लोकांना यातला आनंद वेगळा कळेल. मुलं जेव्हा आवाजाचं वर्णन करायला बसतात, तेव्हा पुस्तकी विशेषणं संपतात आणि 'खडखडत', 'रेंगाळत', 'घुमत', 'चिरकत' असे जिवंत शब्द बाहेर येतात. मराठी ही नादानुकारी शब्दांनी इतकी श्रीमंत भाषा, पण निबंधात त्यांना जागा नसते.

गुण कसे द्यायचे, हे विचारलं जाईलच, कारण रजिस्टर भरावं लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला इतर विषयांत मिसळून शिकवण्याविषयी स्पष्ट म्हटलं आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना सांगायला आधार आहे. गुण 'सुबकपणा'ला देऊ नका. मुलाला चित्राकडे बोट दाखवून गाणं पुन्हा 'वाचता' येतं का, ते बघा. कागदावर बोट फिरवत त्याने टाळी धरली आणि ती बऱ्यापैकी जुळली, तर पूर्ण गुण.

चित्रं भिंतीवर लावाल तेव्हा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, छताजवळ नको. पालकसभेच्या दिवशी खाली हळू आवाजात ती रेकॉर्डिंग चालू ठेवा. प्रत्येक कागदाच्या मागे तीन गोष्टी लिहायला जागा सोडा: गाणं कुणाचं, कोणत्या भाषेतलं, आणि ते कधी म्हणतात. पहिल्या ओळीत आजीचं पूर्ण नाव येऊ द्या. पुष्कळ मुलांना ते माहीत नसतं, घरी जाऊन विचारावं लागतं.